सातासमुद्रापलीकडची डॉक्टरकी : आनंदीबाईंपासून आपल्या लेकरांपर्यंत

(शिरूर अनंतपाळ इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय इतिहासाचा आहे. पण हा इतिहास तुमच्या घरात येऊन बसलेला आहे. या तालुक्यात, शेजारच्या निलंग्यात, उदगीरला, चाकूरला, कुठल्याही गावात विचारा. रशियाला गेलेलं, किर्गिझस्तानला गेलेलं, फिलिपिन्सला किंवा जॉर्जियाला गेलेलं एखादं लेकरू निघतंच. कुणी दोन एकर विकले, कुणी बँकेचं कर्ज काढलं, कुणी सोनं मोडलं. आणि प्रत्येक घराला वाटतं की हे आपल्यावरच आलं, ही आजकालची गोष्ट आहे.

तसं नाही. वैद्यकी शिकायला समुद्र ओलांडायची ही वाट पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. त्या वाटेवर आपली मराठी माणसं होती, मराठी बाया तर फार पुढे होत्या. आज मी ही वाट तीन प्रश्न हातात धरून चालणार आहे. पैसा कुणाचा? डिग्री मानणार कोण? आणि शिकून आलेला डॉक्टर कुणाच्या कामाला येणार? आनंदीबाईंच्या काळात हेच तीन प्रश्न होते, आजही तेच आहेत.

सुरुवात बंगालपासून करू. १८४५ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले चार विद्यार्थी डॉक्टर गुडीव्ह या आपल्या प्राध्यापकांबरोबर जहाजात बसून लंडनला गेले. त्यातल्या दोघांचा खर्च द्वारकानाथ टागोरांनी उचलला. द्वारकानाथ म्हणजे रवींद्रनाथांचे आजोबा. या चौघांत सूर्यकुमार चक्रवर्ती नावाचा एक विद्यार्थी होता. आता ही मुलं का गेली? कलकत्त्याला कॉलेज होतं, तिथे शव विच्छेदनसुद्धा सुरू झालेलं होतं. मग लंडन कशाला? कारण सरकारी वैद्यकीय सेवेतल्या मोठ्या जागा लंडनच्या शिक्क्यावर मिळायच्या. १८५५ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसची परीक्षा हिंदी लोकांना खुली झाली, पण ती व्हायची लंडनमध्ये. चक्रवर्ती त्या पहिल्याच परीक्षेत उतरले आणि निवडले गेले. म्हणजे बघा, नोकरी हिंदुस्थानातली, रोगी हिंदुस्थानातले, आणि परीक्षा मात्र सहा हजार मैलांवर. कुवत असणारे कितीतरी जण केवळ जहाजाच्या भाड्यापायी मागे राहिले असतील.

आपल्या मुंबईतही १८४५ सालीच ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले. म्हणजे पुरुषांना निदान इथे शिकायची सोय झाली. बायकांचं काय?

इथे आनंदीबाई येतात.

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे, सिनेमा पाहिला आहे, श्री. ज. जोशींची कादंबरी काहींनी वाचली असेल. त्यामुळे होतं काय, की आपल्याला गोपाळराव आठवतात, त्यांचा हट्ट आठवतो, मार आठवतो. मी आज त्यांच्याकडे एक परदेशी शिकायला गेलेली विद्यार्थिनी म्हणून बघणार आहे. तिने अर्ज कसा केला, भाडं कुठून आणलं, खोली कशी होती, खाणं काय होतं, डिग्रीचं काय झालं.

जन्म ३१ मार्च १८६५, कल्याणचं घराणं. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न, नवरा पोस्टातला कारकून आणि वयाने बराच मोठा. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरापुढे बाई जात नाही, हे तिने स्वतःच्या अंगावर भोगलेलं होतं.

१८८० साली गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, की माझ्या बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, काही सोय होईल का. वाइल्डर साहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला आणि वर सल्ला दिला की ख्रिस्ती व्हाल तर बघू. गोष्ट तिथेच संपली असती. पण ते मासिक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी दाताच्या डॉक्टराकडे नंबर लागायची वाट बघताना चाळलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र धाडलं, आणि दोघींचं मावशी-भाचीचं नातं जुळलं. त्या काळात ना एजंट होता ना कन्सल्टन्सी. एका अनोळखी बाईचा भरवसा, एवढ्यावर ही मुलगी निघाली.

तोवर गोपाळरावांची बदली कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला झाली होती. लोक नावं ठेवत होते. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केलं. वय सतरा. मी का जाते, हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का, मी एकटी का जाते, परत आल्यावर जातीने वाळीत टाकलं तर काय, अशा एकेका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं. इथे शिकायची सोय नाही का, याला त्यांचं उत्तर फार नेमकं आहे. त्या म्हणाल्या की मद्रासेत एक कॉलेज आहे आणि इतर इलाख्यांत सुईणीच्या वर्गांची सोय आहे, पण तिथलं शिक्षण अपुरं आहे आणि शिकवणाऱ्यांची मनं मोकळी नाहीत. आणि जातीबद्दल सांगितलं की मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येऊन इथे राहणार.

पुढे ७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या. अठरा वर्षं पूर्ण होऊन एकच आठवडा झाला होता. आज आपण बारावी झालेल्या मुलाला विमानतळावर सोडतो तेव्हा तोही याच वयाचा असतो. भाड्याची तजवीज दागिने विकून आणि काही वर्गणीतून झाली होती. नवरा बरोबर नाही, सोबतीला ओळखीच्या मिशनरी बाया. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास.

फिलाडेल्फियाला स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय होतं, १८५० साली काढलेलं. प्रवेशासाठी आनंदीबाईंनी जे पत्र लिहिलं त्याचा भावार्थ असा, की माझं शालेय शिक्षण कदाचित तुमच्या नियमात बसणार नाही, पण माझ्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत हवी आहे आणि ती घ्यायला त्या पुरुषाकडे जाणार नाहीत, हे ध्यानात घ्यावं. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी तिला घेतलं आणि शिष्यवृत्तीही दिली. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं, पैसा कुणाचा याचं, उत्तर असं : थोडे दागिने, थोडी वर्गणी, थोडी परक्या कॉलेजची शिष्यवृत्ती, आणि कार्पेंटर मावशीची माया.

खोली थंड होती. शेगडी नीट पेटत नव्हती, पेटली की धूर. नऊवारी लुगडं, तेही त्या बर्फात. आहार शाकाहारी. तब्येत आधीच नाजूक होती, तिथे ती ढासळत गेली. पुढे हाच क्षय त्यांना घेऊन गेला. तरी तीन वर्षांत अभ्यास पुरा केला आणि ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम अमेरिकेला गेल्या होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. शिकल्या परक्या मातीत, पण लिहिलं आपल्या बायकांच्या बाळंतपणावर.

त्या कॉलेजात त्यांचा एक फोटो काढलेला आहे, १८८५ च्या ऑक्टोबरमधला. तीन बाया शेजारी शेजारी, प्रत्येक जण आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई, जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. आज आपण ज्याला इंटरनॅशनल स्टुडंट म्हणतो, त्याचं इतकं जुनं आणि इतकं बोलकं चित्र दुसरं क्वचितच असेल.

डिग्री मिळताच कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केली. १८८६ च्या अखेरीस त्या मुंबईला उतरल्या. पण कामावर रुजू होताच आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथल्या स्मशानभूमीत आजही तिथे दगड उभा आहे.

मंडळी, आपण इथे थांबतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. पण आनंदीबाई एका अर्थाने यशस्वी झाल्या का? एकही रोगी त्यांनी इथे स्वतंत्रपणे तपासला नाही. तरी पुढे याच कोल्हापूरच्या रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी वर्षानुवर्षं काम केलं. आणि मुंबईत त्याच काळात एक दुसरी मराठी मुलगी वाटेला लागली. तिने मात्र पस्तीस वर्षं रोगी तपासले. तिचं नाव रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, म्हणजे आनंदीबाईंपेक्षा काही महिन्यांनीच मोठ्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, स्वतः नामांकित डॉक्टर. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला, आणि १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम केला. बाईने सांगितलं, तुरुंगात जाईन. पुढे १८८८ ला तडजोड झाली, दादाजीला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं.

आणि लगेच १८८९ ला रखमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना हात दिला, निधी उभा राहिला.

आता दुसरा प्रश्न, डिग्री मानणार कोण, तो इथे फार स्पष्ट दिसतो. एडिथ पीची कोण? १८६९ साली एडिनबर्ग विद्यापीठात वैद्यकी शिकायला घुसलेल्या सात बायांपैकी एक. त्यांना शिकू दिलं, परीक्षेत त्या वरच्या नंबराने आल्या, पण विद्यापीठाने डिग्री दिली नाही. म्हणून तर १८७४ साली लंडनमध्ये बायांनी स्वतःची शाळा काढली. पण शाळा काढली तरी परीक्षा कोण घेणार? लंडनच्या रॉयल कॉलेजांची दारं रखमाबाईंच्या काळातही बायकांना बंद होती. म्हणून रखमाबाई शिकल्या लंडनला, पण परवान्याच्या परीक्षा दिल्या स्कॉटलंडला, १८९४ साली, आणि एम. डी. घेतली ब्रुसेल्सहून. शिक्षण एका गावचं, शिक्का दुसऱ्या गावचा. हे आजच्या पालकांनी नीट ध्यानात ठेवावं, कारण मी पुन्हा इथेच येणार आहे.

परत आल्यावर त्या सुरतेला गेल्या. १८९५ पासून सुरत, नंतर राजकोट. १९२९ च्या सुमारास निवृत्त झाल्या आणि १९५५ साली, स्वतंत्र भारतात, वयाच्या नव्वदीत वारल्या.

हे झालं मुंबई इलाख्याचं. आता कुणी म्हणेल, आपलं काय? आपण कुठे मुंबई इलाख्यात होतो? खरंय. आपण निजामाच्या राज्यात होतो. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. इथून डॉक्टरकीचा रस्ता मुंबई-पुण्याला जात नव्हता, हैदराबादला जात होता.

हैदराबादला १८४६ सालीच वैद्यकीय शाळा सुरू झाली. शिकवणं उर्दूतून. पुढे डॉ. एडवर्ड लॉरी प्रमुख झाले, त्यांनी इंग्रजीतून शिकवणं सुरू केलं आणि मुलींनाही वर्गात घेतलं. त्यातल्या रूपाबाई फर्दूनजी भूल देण्याच्या कामात तयार झाल्या आणि पुढच्या शिक्षणासाठी एडिनबर्गला गेल्या. क्लोरोफॉर्मने भूल देणं किती सुरक्षित आहे, यावरचे जगात गाजलेले प्रयोग १८८९ च्या सुमाराला हैदराबादेतच झाले. लंडनचे नामवंत डॉक्टर त्यासाठी इथे आले. म्हणजे नेहमी आपणच शिकायला बाहेर गेलो असं नाही.

निजाम सरकार परदेशी शिकायला शिष्यवृत्त्याही द्यायचं. डॉ. मुख्तार अहमद अन्सारी, जे पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते निजामाच्याच शिष्यवृत्तीवर विलायतेला वैद्यकी शिकले. सरोजिनी नायडूंचे पती डॉ. गोविंदराजुलू एडिनबर्गला शिकून हैदराबादेत डॉक्टर झाले. पण या यादीत निलंग्याच्या किंवा औशाच्या कुणब्याचं पोरगं दिसत नाही. शिष्यवृत्ती होती, पण ती मिळायला आधी हैदराबाद गाठावं लागे, उर्दू-फारसी यावी लागे, दरबारात ओळख लागे. उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे वैद्यकीसुद्धा उर्दूतून शिकवली. एक देशी भाषा डॉक्टरकी शिकवायला पुरते, हे उस्मानियाने दाखवलं, ही मोठीच गोष्ट. पण घरी मराठी बोलणाऱ्या आपल्या पोराला ती भाषाही नव्याने शिकायची होती. परदेश आपल्याला उंबऱ्याबाहेरच सुरू होत होता.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, आणि त्याच साली औरंगाबादला मराठवाड्याचं पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. नंतर अंबाजोगाई. नांदेडला १९८८ साली. लातूरचं सरकारी कॉलेज तर २००२ चं. हे आकडे मी मुद्दाम सांगतोय. मुंबईला कॉलेज आल्यानंतर लातूरला सरकारी कॉलेज यायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. एवढ्या वर्षांची भूक साठलेली होती. म्हणून एखाद्या घरात पोरगा हुशार निघाला, की आख्खं गाव म्हणतं, डॉक्टर कर.

आता पुन्हा दुसऱ्या प्रश्नाकडे. डिग्री मानणार कोण?

१९३० साली एक मोठी गोष्ट घडली. इंग्लंडच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानातल्या विद्यापीठांच्या वैद्यकीय डिग्र्यांची मान्यता काढून घेतली. म्हणणं असं, की इथल्या बाळंतपणाच्या प्रशिक्षणाचा दर्जा बरोबर नाही आणि आमचा तपासनीस तुम्ही नेमू देत नाही. रातोरात मुंबईच्या, कलकत्त्याच्या पदव्या तिकडे चालेनात. त्यातून १९३३ चा कायदा आला आणि आपली स्वतःची मेडिकल कौन्सिल जन्माला आली. १९३६ ला मान्यता परत मिळाली. १९७५ साली इंग्लंडने पुन्हा ती काढली. म्हणजे डिग्रीचा कागद तोच असतो, त्याची किंमत दोन देशांतल्या संबंधांवर हलत राहते.

तोवर वाटेची दिशा बदलली होती. १९६० साली मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ निघालं, पुढच्या वर्षी त्याला काँगोच्या पॅट्रिस लुमुंबांचं नाव दिलं. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या मुलांना फुकट शिक्षण, वर विद्यावेतन. मुलं आधी वर्षभर रशियन शिकायची आणि मग रशियनमधूनच डॉक्टर व्हायची. पैसा सोव्हिएत सरकारचा होता.

१९९१ ला सोव्हिएत संघ कोसळला. विद्यापीठं राहिली, प्राध्यापक राहिले, इमारती राहिल्या, पण पैसा गेला. मग त्यांनी काय केलं? फी घेऊन परदेशी मुलं भरायला सुरुवात केली. रशिया, युक्रेन, किर्गिझस्तान, कझाकस्तान. सोयीसाठी इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघाले. पुढे चीन, फिलिपिन्स, जॉर्जिया या यादीत आले. नेमक्या त्याच काळात आपल्याकडे लातूर पॅटर्न जोरात होता. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, पहाटेपासून क्लास. हुशार मुलं तयार होत होती, सरकारी जागा मोजक्या होत्या, आणि खासगी कॉलेजची फी साध्या शेतकऱ्याच्या हिशेबाबाहेर होती. इकडे तयार मुलं आणि तिकडे रिकामी बाकं. मधे एजंट उभा राहिला. ज्या जागी एके काळी कार्पेंटर मावशी होती, त्या जागी आता कमिशन घेणारा माणूस आहे. सगळे एजंट वाईट असं मी म्हणत नाही. पण नातं बदललं, हे खरं.

मग सरकारने गाळणी लावली. २००२ पासून परदेशातून शिकून आलेल्यांना एक परीक्षा द्यावी लागते, एफ.एम.जी.ई. तीनशे प्रश्न, दीडशे बरोबर आले की पास. वर्षातून दोनदा होते, कितीही वेळा देता येत होती. पण बऱ्याच सत्रांत दर पाच जणांत साधारण एकच जण पास झालेला आहे. बाकीचे चार? ते पुन्हा क्लास लावतात, दिल्लीत नाहीतर हैदराबादेत खोली घेऊन राहतात. घरच्यांनी गावात पेढे वाटलेले असतात, दारावर पाटी लावायची राहिलेली असते. ही तगमग तुमच्यापैकी काहींनी जवळून पाहिली आहे, मी जास्त बोलत नाही.

हे असं का होतं? मुलं ढ असतात म्हणून? मला तसं वाटत नाही. एक कारण भाषेचं आहे. वर्गात इंग्रजी, पण वॉर्डातला रोगी रशियन बोलतो, किर्गिझ बोलतो, चिनी बोलतो. रोग्याशी बोलताच आलं नाही तर वैद्यकी शिकणार कुठून? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ते विद्यार्थी नव्हते, डॉक्टर होऊनच गेले होते. तरी त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, चिनी भाषेत शिकवलं, रोगी तपासले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेले. आज चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे, कारण ते रोग्यांच्या भाषेत बोलले. आपल्या मुलांना आपण सांगतो, इंग्रजी मीडियम आहे, काळजी करू नको. खरं सांगायचं असतं, तिथली भाषा पहिल्या दिवसापासून शिक.

दुसरं कारण, तिकडचा अभ्यास तिकडच्या रोगांचा. आपल्याकडचा मलेरिया, सर्पदंश, बाळंतिणीचा रक्तक्षय, कीटकनाशक पोटात गेलेला माणूस, हे थंड देशातल्या वॉर्डात कितीसं दिसणार? आनंदीबाईंनी प्रबंध आपल्या बायकांवर लिहिला तो उगीच नाही.

मग २०२० ला कोरोना आला. सुट्टीला घरी आलेली चीनची मुलं दोन-अडीच वर्षं इथेच अडकली, मोबाइलवर वैद्यकी शिकली. आणि २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला. तळघरांतून फोन येत होते. ऑपरेशन गंगा झालं, साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आले, त्यात बहुसंख्य वैद्यकीचे विद्यार्थी. जीव वाचले, पण वर्षं अधांतरी राहिली. इथल्या कॉलेजात मधूनच प्रवेश देता येत नाही, नियम नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकवार सवलत मिळाली, बाकीच्यांना दुसऱ्या देशातल्या विद्यापीठांत जाण्याची मुभा मिळाली. त्याचा खर्च पुन्हा बापाच्या अंगावर.

आता नियम कडक आहेत, आणि ते पालकांना तोंडपाठ पाहिजेत. नोव्हेंबर २०२१ चा नियम सांगतो : परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, शिक्षण इंग्रजीतून हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या देशात शिकला त्या देशात डॉक्टरकी करायचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. जाण्याआधी नीट पात्र असणं २०१८ पासूनच बंधनकारक आहे. ही सगळी कलमं वाचा आणि रखमाबाई आठवा. शिक्षण एका गावचं आणि शिक्का दुसऱ्या गावचा, ही तीच अडचण आहे. त्यांनी कुठे शिकायचं आणि कुठे परीक्षा द्यायची हे हेरलं होतं, त्यांच्या पाठीशी जाणकार माणसं होती. आपण बहुतेकदा चकचकीत पत्रक बघून निघतो.

शेवटचा प्रश्न, हा डॉक्टर कुणाच्या कामाला येणार. आनंदीबाईंचं म्हणणं स्वच्छ होतं : मी परत येणार, माझ्या बायांसाठी. रखमाबाई परत आल्या, सुरतेत बसल्या. आज आपल्या तालुक्यात एखादी बाळंतीण अडली की लातूरचा रस्ता धरावा लागतो. रात्री, पावसात, गाडी शोधत. परदेशातून शिकून आलेली, परीक्षा पास झालेली मुलं इथे बसली, तर त्यांना रोगी कमी पडणार नाहीत. पण त्यांना इथे बसवायचं असेल तर तालुक्याच्या दवाखान्यात यंत्रसामग्री हवी, भूलतज्ज्ञ हवा, राहायला घर हवं. नाहीतर दहा लाख-वीस लाखांचं कर्ज फेडायला तो शहरातच जाणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

पोरं-पोरींनो, मी तुम्हाला जाऊ नका असं सांगायला आलो नाही. जायचं तर आनंदीबाईंसारखं कारण ठरवून जा, रखमाबाईंसारखा शिक्का तपासून जा, आणि कोटणीसांसारखी तिथली भाषा शिका. आणि आई-बापांनो, जमीन विकण्याआधी एक रात्र नियमाच्या कागदाबरोबर काढा. लेकराला विचारा, तुला डॉक्टर व्हायचंय का, की आम्हाला तुला डॉक्टर करायचंय. उत्तर वेगळं आलं तर ते ऐकून घ्या.

(व्याख्यानानंतर काही प्रश्न आले. त्यातले दोन इथे देत आहोत.)

प्रश्न : सर, आनंदीबाई पहिल्या भारतीय डॉक्टर बाई, असं आम्ही वाचलंय. ते बरोबर आहे ना?

उत्तर : पाश्चात्त्य वैद्यकीची परदेशातली पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव घेतात. पण १८८६ हे साल बघा. त्याच साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली तिथल्याच मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी पुढे प्रत्यक्ष व्यवसाय केला. १८९३ ला त्याही पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला गेल्या आणि परत आल्या. पहिला कोण या भांडणात फार पडू नका. एकाच साली दोन वाटा उघडल्या, एक घरची आणि एक बाहेरची, हे जास्त मोलाचं आहे.

प्रश्न : माझी मुलगी नीटला दोनदा बसली, थोडक्यात हुकली. तिसऱ्यांदा बसवू की बाहेर पाठवू?

उत्तर : ताई, याचं उत्तर मी सभेत देणं बरं नाही, ते मुलीबरोबर बसून ठरवायचं. एवढंच सांगतो. ज्या विद्यापीठाचं नाव कुणी सुचवलं असेल, तिथून शिकून येऊन इथली परीक्षा पास झालेल्या दोन मुलांना आणि नापास झालेल्या दोन मुलांना आधी भेटा. आपल्या जिल्ह्यात ती सापडतात. चौघांचं ऐका, मग पैशाचं बघा. आणि निर्णय काहीही झाला तरी दोनदा हुकली म्हणून तिला कमी लेखू नका. आपल्या जिल्ह्याला कॉलेज यायलाच दीडशे वर्षं लागली, तिला एखादं वर्ष लागलं तर बिघडलं काय?